मी फुटले नाही

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बंदूक आहे. माझे पोट फाटलेले आहे आणि त्यात आता चमचाभर पाणीही राहत नाही. अशा वस्तूने आपली कहाणी डोळे पुसत सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. तसे होणार नाही. मला रडू येत नाही, मला राग येतो. माझ्याविषयी जे बोलले गेले ते धादांत खोटे होते. माझ्या तोंडातून पाणी येते, शब्द येत नाहीत, म्हणून ते मला मुकाट्याने ऐकून घ्यावे लागले. आज मात्र बोलते.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे प्लास्टिकचे दाणे तापवून साच्यांत दाबत. एका साच्यातून माझी नारिंगी टाकी निघाली, दुसऱ्यातून निळी मूठ, तिसऱ्यातून पुढेमागे करायचा पंप. हे सगळे जोडून झाल्यावर माझ्या टाकीच्या वरच्या अंगाला वाटाण्याएवढी एक पितळी झडप बसवण्यात आली. तिच्यात केसासारखी बारीक स्प्रिंग होती. ही झडप नीट लक्षात घ्या, कारण सगळे रामायण तिच्यावरून घडले.

माझे काम असे चाले. पंप मारला की टाकीत हवा कोंडते. कोंडलेली हवा पाण्याला ढकलते. चाप ओढला की पाणी सुसाट बाहेर पडते. पण हवा फार झाली, तर झडप आपणहून उघडते आणि जास्तीची हवा फुस्स करून सोडून देते. मग कितीही पंप मारा, आतला दाब ठरल्यापेक्षा वाढत नाही.

शेडच्या शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाल्या बाई बसत. प्रत्येक बंदूक त्यांच्या हातून जाई. त्या ओठांतल्या ओठांत मोजत पंप मारत. पंचविसाला बंदूक गप्प राहिली पाहिजे आणि सव्विसाला फुस्स झाले पाहिजे, असा त्यांचा नियम होता. माझ्या शेजारची बंदूक माझ्याहून देखणी होती. सव्विसाला ती गप्पच राहिली. बाईंनी आणखी एकदा पंप मारून पाहिला आणि तिला उचलून बाद मालाच्या पेटीत टाकले. मग माझी पाळी आली. मी सव्विसाला फुस्स केले. बाई म्हणाल्या, "शहाणी आहेस गं." आयुष्यात मिळालेली ती माझी पहिली शाबासकी. ती कशासाठी मिळाली, ते मी कधीच विसरले नाही. विसरली ती माणसे.

दुकानातून मला एका मुलीने उचलले. ती महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली होती. बरी झाल्यावर आईने विचारले, "काय हवं तुला?" तिने काचेतून माझ्याकडे बोट दाखवले. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ताप उतरल्यापासून ती एका जागी कोणाला सापडली नव्हती.

तीन उन्हाळे मी भिंगरीच्या हातात काढले. आमच्या इमारतीसमोर एक फरसबंद अंगण होते आणि अंगणापलीकडे, अरुंद रस्ता ओलांडला की, समोरची इमारत. रविवारी संध्याकाळी पाच वाजता दोन्ही इमारतींची मुले अंगणात जमत. प्रत्येकाने छातीवर कागद चिकटवायचा. ज्याचा कागद भिजून फाटेल तो बाद. भिंगरी पंचवीसपर्यंत मोजत पंप मारायची, मग भिंतीआडून उडी घ्यायची आणि एका फवाऱ्यात समोरच्याचा लगदा करून टाकायची. कागदाचा, मुलाचा नव्हे.

मी नुसतीच खेळले असेही नाही. आमच्या शेजारी बॉयलरवाले अण्णा राहत. जन्मभर गिरणीत बॉयलर सांभाळून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या खिडकीच्या छज्ज्याखाली गांधीलमाश्यांनी पोळे धरले आणि अण्णांना खिडकी उघडायची चोरी झाली. काठी लावायला कोणी धजेना. तेव्हा भिंगरीने रेनकोट चढवला, डोक्याला आईची ओढणी गुंडाळली आणि खाली अंगणात उभे राहून मला रोखले. चार फवाऱ्यांत पोळे खाली आले. माश्या अण्णांचा छज्जा सोडून दुसरीकडे बिऱ्हाड शोधायला गेल्या. अण्णा खिडकीतून ओरडले, "वा गं वा! बंदुकीला माझ्यातर्फे बढती!" त्या दिवशी मी टाकीभर फुगले होते, आणि ते पाण्याने नव्हे.

चौथ्या उन्हाळ्यात समोरच्या इमारतीतल्या जुळ्या भावांच्या हातात एक नवीच बंदूक दिसू लागली. दिसायला ती माझ्यासारखीच होती. पण तिचे पाणी रस्ता ओलांडून, अंगण ओलांडून आमच्या जिन्यापर्यंत येई. माझे पाणी अर्ध्या अंगणात दमून खाली पडे. थोरला जुळा, म्हणजे सात मिनिटांनी थोरला, रस्त्यापलीकडून ओरडला, "ए, तुझी बंदूक शेंबडी आहे! नाक गळतंय तिचं!"

मित्रांनो, नाव पडायला एक क्षण लागतो आणि ते पुसायला जन्म पुरत नाही. सगळे अंगण मला शेंबडी म्हणू लागले. तेही मी सोसले असते. पण लागोपाठ तिसरा रविवार हरल्यावर भिंगरीने मला पलंगावर आपटले आणि म्हणाली, "शेंबडी कुठली!" जिने मला काचेतून निवडले, तिनेच! परक्याने मारलेला दगड एकवेळ चालतो. पण घरच्यांचा शब्द वर्मी बसतो.

पुढच्या शनिवारी दुपारी भिंगरीचा मामा आला. तो पंपदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होता. मामाच्या हातांत कला होती, हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही. बंद पडलेले काहीही त्याच्यापुढे ठेवा, संध्याकाळपर्यंत ते चालू होई. कान मात्र त्याला स्वतःचेच बोलणे ऐकण्यापुरते दिलेले होते.

त्याने मला मांडीवर घेतले, उलटेसुलटे केले, पंप मारला. सव्विसाला मी नियमाने फुस्स केले.

"सापडलं!" मामा म्हणाला. "ऐकलंस? सगळा दाब इथून पळतोय. कारखानेवाले भित्रे असतात गं, मुद्दाम मिळमिळीत माल काढतात. हे भोक बुजवू. वर सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवू आणि पायपंपाने हवा भरू. तोंडाला पितळेची बारीक चोच लावू. मग बघ, जुळ्यांच्या गॅलरीत पाणी जाईल."

भोक! चष्मेवाल्या बाईंनी जिच्यासाठी मला शहाणी म्हटले, त्या झडपेला हा माणूस भोक म्हणत होता. मित्रांनो, माझे अंग प्लास्टिकचे नसते तर ते संतापाने थरथरले असते.

अण्णा तेव्हा वर्तमानपत्र परत द्यायला दारात आले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. ते आत येऊन खुर्चीत बसले.

"ती झडप बुजवू नकोस," ते म्हणाले.

"अण्णा, बॉयलर नाही हो हा! खेळणं आहे. नळाचं पाणी आहे आत."

"पाणी फुटत नाही रे. कोंडलेली हवा फुटते." अण्णांनी वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवले. मग भिंगरीकडे वळून बोलू लागले. "आमच्या बॉयलरची झडप फार फुसफुसायची. वाफ वाया जाते म्हणून साहेब वैतागायचे. एक दिवस त्यांनी झडपेच्या दांडीवर जास्तीचं वजन टांगायला लावलं. आवाज बंद झाला. सगळ्यांना वाटलं, काय सोपं होतं! दुसऱ्या दिवशी मी चहा प्यायला बाहेर पडलो. आत माझा जोडीदार होता. मी कप तोंडाला लावला आणि मागे भिंत गेली."

भिंगरीची आई शिवणयंत्रावर काम करत होती, तिचा पाय थांबला.

"वाईटच झालं ते, अण्णा," मामा हळू आवाजात म्हणाला. पण लगेच त्याचा फिटर जागा झाला. "पण तिथे वाफ होती, शेकडो माणसांच्या कामाची. ही वीतभर टाकी. काही होत नाही. बरं, मी कशाला ठरवू? बंदूक हिची आहे. भिंगरे, तू सांग. करू की नको?"

सगळे भिंगरीकडे पाहू लागले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मी तिच्या डोळ्यांसमोर आडवी पडले होते. पोट माझे, झडप माझी, आणि सल्लामसलत चालली होती माझ्या डोक्यावरून! भिंगरीने ओठ चावला. ती अण्णांकडे बघे, पुन्हा मामाकडे बघे. तेवढ्यात खाली अंगणातून कोणीतरी हाक मारली, "भिंगरे, उद्या शेंबडी आणणार ना?" आणि चारपाच जण हसले.

"कर मामा," भिंगरी म्हणाली. मग एकदम तिने पुढे जोडले, "पण पहिल्यांदा हातात धरायची नाही. लांब ठेवून चालवून बघायची. अण्णा, चालेल?"

"चालणार नाही," अण्णा उठत म्हणाले. "पण तेवढं तरी नक्की कर."

मामाने माझी झडप चिमट्याने उपसून काढली आणि त्या जागी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून चहूबाजूंनी कडक होणारा गोंद भरला. ऑपरेशन करताना माणसाला निदान भूल देतात. मला त्याने दोन गुडघ्यांत दाबून धरले आणि शीळ वाजवत काम उरकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मला इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत नेले. एका लाकडी खोक्यात मला घट्ट बांधले. चापाला दोरी बांधली. पायपंपाची लांब नळी मला जोडली आणि दोघे पाण्याच्या टाकीच्या भिंतीआड जाऊन बसले. समोर दहा पावलांवर पुठ्ठ्याचे खोके होते.

मामाने हवा भरली. भिंगरीने दोरी ओढली. माझ्या तोंडातून असे पाणी सुटले की ते माझेच आहे यावर माझा विश्वास बसेना. पुठ्ठ्याला आरपार भोक पडले.

"बघितलंस?" मामा ओरडला. "आता कोण शेंबडी म्हणेल?"

भिंगरी पुठ्ठ्याजवळ गेली. तिने त्या भोकातून बोट घातले. मग ते बोट तिने सावकाश स्वतःच्या गालाला लावले. "मामा, एवढं जोरात नको," ती म्हणाली. "कोणाच्या तोंडावर बसलं तर?"

"अगं, छातीवर मारायचं, तोंडावर कशाला? थांब, एकदा पूर्ण भरून बघू. किती पेलते ते कळेल."

मी किती पेलते हे कळायला मला फोडायची गरज नव्हती. माझ्या अंगावरच ते सांगणारी एक वस्तू बसवलेली होती. तीच त्याने आदल्या दिवशी उपटून केरात टाकली होती. मामा पाय मारत राहिला. माझी शिवण ताणली गेली. सव्वीस केव्हाच मागे पडले होते. माझ्या सवयीने मी झडप शोधत होते. तिथे दगडासारखा गोंद होता. मला फुस्स करायचे होते, मित्रांनो, आणि माझे तोंड बांधलेले होते.

"नळी निसटली की काय?" असे म्हणत मामा भिंतीआडून उठला आणि दोन पावले पुढे आला.

तेव्हा माझे पोट फाटले. आवाज असा झाला की मागच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. नारिंगी प्लास्टिकचा एक तुकडा मामाच्या भुवईवर बसला आणि तो मटकन खाली बसला. बोटांमधून रक्त वाहू लागले. भिंगरी किंचाळत त्याच्याकडे धावली.

आई धावत आली. तिने पाण्याने जखम धुतली, कापड दाबले. "अर्धं बोट खाली असतं तर डोळा गेला असता रे!" ती रडत रडत त्याला रागावत होती. अण्णा जिना उतरून आले. मी म्हणालो नव्हतो का, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी मामापुढे हात धरला आणि विचारले, "किती बोटं दिसतात?"

"तीन," मामा म्हणाला. आणि मग, माझ्या फाटक्या पोटाकडे पाहून, तो म्हणाला, "भिकार माल! प्लास्टिकच रद्दी होतं. म्हणून फुटली."

ऐकलेत? मी भिकार! मी रद्दी! माझी झडप काढली याने, तोंड बुजवले याने, पोटात हवा ठासली याने, आणि खोट माझ्या प्लास्टिकमध्ये! तिथे जमलेल्या चार शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. "हल्लीच्या वस्तूंत दम नाही," असेही एक जण म्हणाला. मी खोक्यात बांधलेल्या अवस्थेत ते ऐकले.

पण दुसऱ्याच क्षणी मामाचा चेहरा उतरला. त्याने कापडाखालून भिंगरीकडे पाहिले. "पाचला खेळ आहे ना आज?"

"हो. का?"

मामाने भुवईवरचे कापड आणखी घट्ट दाबले.

"का, मामा?"

"जुळ्यांची बंदूक," मामा म्हणाला. "तिलाही मीच बसवून दिलंय हे. महिन्यापूर्वी. त्यांचे वडील माझ्याच कारखान्यात आहेत, त्यांनी सांगितलं म्हणून करून दिलं. माझ्यामुळे तू हरतेस म्हणून मला चैन पडेना, म्हणून तुझीही करायला घेतली."

भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिली. मी तिला जिंकताना पाहिले होते, हरताना पाहिले होते, पण असे पाहिले नव्हते. "म्हणजे त्यांची पण फुटेल?" तिने विचारले. "त्यांच्या हातात?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. खोक्यातून मला उपसून ती पळत सुटली आणि मामा भुवईला कापड दाबत तिच्या मागे.

समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर जुळे बसले होते. थोरल्याच्या मांडीवर ती बंदूक होती आणि धाकटा पायपंप मारत होता.

"थांबा! पाय काढ त्यावरून!" मामा ओरडला. "बंदूक खाली ठेव. हळू."

"हरायला घाबरलात वाटतं!" थोरला हसला. मग त्याला मामाचे रक्त दिसले आणि त्याचे हसू गेले. भिंगरीने मला त्याच्या पुढच्या पायरीवर ठेवले. तो माझ्या फाटलेल्या पोटाकडे पाहू लागला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले की कोणीतरी मला नीट बघत आहे.

जुळ्यांची आई बाहेर आली. मामाने दोन्ही मुलांना घरात पाठवले, बंदुकीवर जाड चादर गुंडाळली, तोंड भिंतीकडे करून लांबून दोरीने चाप ओढला. भिंतीचा रंग सोलून निघाला. खाली विटेचा लाल तुकडा दिसू लागला. जुळ्यांच्या आईने तोंडावर हात ठेवला.

"तुम्हीच म्हणाला होतात, काही होत नाही," ती म्हणाली. "माझी पोरं रोज हे मांडीवर घेऊन बसतात."

"म्हणालो होतो," मामा म्हणाला. "चुकलो."

दोघे जुळे दाराआडून डोकावले. धाकट्याने विचारले, "काका, ही भिंगरीची बंदूक कशी फुटली?"

मामाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता पुन्हा माझ्या प्लास्टिकचा उद्धार होणार. पण तो पायरीवर बसला आणि मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "फुटली नाही, बाळा. मी फोडली."

"आपण फोडली," भिंगरी म्हणाली. "कर असं मीच म्हणाले होते." मग ती थोरल्याकडे वळली. "आणि तिचं नाक गळत नव्हतं. तिला कळत होतं, कुठे थांबायचं ते."

त्या संध्याकाळी खेळ झाला, पण बादल्या आणि तांब्यांनी. दोन्ही इमारती ओल्याचिंब झाल्या. कोणाचा कागद आधी फाटला हे कोणाला सांगता येईना. मी पायरीवर तशीच पडून होते. न्याय मिळाला तरी पोट सांधत नाही, मित्रांनो. हे मोठ्या माणसांना माफी मागताना फार उशिरा सुचते.

जुळ्यांच्या बंदुकीला मामाने दुसऱ्या दिवशी नवी झडप बसवली. मला तो आपल्या कारखान्यात घेऊन गेला. तिथे त्याच्या कामाच्या टेबलावरच्या फळीवर मी फाटक्या पोटासह बसून असते. धूळ बसते, तेलाचे डाग पडतात. भिंगरी आता उंच झाली आहे. ती येते तेव्हा मला फडक्याने पुसते.

गेल्या आठवड्यात एक माळी फवारणीचा पंप घेऊन आला. "इथून हवा सुटते," तो म्हणाला. "कटकट आहे. एवढं बुजवून द्या." मामाने पंप हातात घेतला, ती जागा पाहिली आणि म्हणाला, "हे मी बुजवणार नाही. नवी झडप बसवून देतो. हवा सुटायची तेव्हा सुटेलच." माळी चिडला, दुसरीकडे जातो म्हणाला. मामाही चिडला. त्याने पंप टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला. "दुसरीकडे जा, पण पंप तसाच नेऊ देणार नाही. तो तुमच्या पाठीवर असतो." बराच वेळ वादावादी झाली. शेवटी माळी स्टुलावर बसला आणि झडप बसेपर्यंत कुरकुरत राहिला.

मित्रांनो, वस्तू उघडून बघा, जरूर बघा. कोणी कशी बनवली ते शिका. तुमच्या हातांत मामासारखी कला येवो. पण आतला एखादा भाग तुम्हाला निरुपयोगी, भित्रा किंवा कटकट्या वाटला, तर तो काढण्यापूर्वी एवढेच विचारा, की हा इथे कोणी आणि कोणासाठी बसवला. तुमच्याहून मोठा कोणी "विचारायचं काय त्यात!" म्हणून हसला, तर त्याच्या हातातला पाना आधी काढून घ्या. मला तो घेता आला नाही. तुम्हाला हात आहेत.